लेकरांना पांढऱ्याकडून एकच पक्की मांडणी शिकवावी का? (लंडन सिस्टिम)

सेलूकर_गुरुजी

नमस्कार मंडळी. परभणी जिल्ह्यात सेलूच्या बाजूला एका खेड्यातल्या जिल्हा परिषद शाळेवर शिक्षक आहे. शाळा सुटली की वऱ्हांड्यात तासभर बुद्धिबळ घेतो. पाचवी ते आठवीची अकरा लेकरं येतात. पट पाच आहेत. त्यातल्या एका पटात काळा उंट हरवलाय, तिथं पाण्याच्या बाटलीचं निळं झाकण ठेवतो. लेकरांना आता त्याचं काहीच वाटत नाही. "झाकणानं शह" असं बिनदिक्कत म्हणतात.

मागच्या महिन्यात त्यांना जिल्ह्याच्या स्पर्धेला घेऊन गेलो होतो. घरी आल्यावर पांढऱ्याकडून खेळलेल्या अठरा डावांचे नोंदीचे कागद घेऊन बसलो. त्यातले अकरा डाव दहाव्या चालीच्या आत हातातून गेलेले. मी सगळ्यांना ई४ (पहिल्या चालीला राजापुढचं प्यादं दोन घरं) शिकवलंय. समोर शहरात क्लास लावलेली मुलं. कुणी सी५ खेळतं, कुणी ई६, कुणी सी६, कुणी सरळ घोडा एफ६. आमच्या लेकराला ई५ सोडून दुसरं उत्तर माहीतच नाही, त्यामुळं दुसऱ्या चालीलाच ते एकटं पडतं. सातवीतला एक पोरगा मला म्हणाला, "सर, मला खेळता येतं, पण ते सुरूच होऊ देत नाहीत." ते वाक्य काही डोक्यातून जाईना.

म्हणून लंडन सिस्टिमबद्दल विचारतोय. डी४, मग उंट एफ४, ई३, घोडा एफ३, सी३, दुसरा घोडा डी२, उंट डी३, कॅसलिंग (राजा हत्तीच्या आड नेणं). समोरचा काहीही खेळो, आपलं घर हेच. हे शिकवावं का? की ही घोकंपट्टी होईल आणि पुढं लेकरांचंच नुकसान होईल? ज्यांनी स्वतः खेळलंय किंवा शिकवलंय त्यांनी मोकळेपणानं सांगा.

ई४_प्रेमी

गुरुजी, तुमची तळमळ कळते, पण मी स्पष्ट विरोधात आहे.

दहा-बारा वर्षांच्या लेकराला सगळ्यात आधी मारामारी कळायला पाहिजे. ई४ ई५, घोडा एफ३, उंट सी४ असा डाव खेळला की पाचव्या-सहाव्या चालीला सोंगट्या एकमेकींना भिडतात. एफ७ कच्चं का, राजा मधे राहिला तर काय होतं, एकाच घोड्यानं दोन सोंगट्या कशा धरायच्या, हे सगळं तिथं अंगावर येऊन शिकता येतं. तालमीत नवीन पोराला पहिल्या दिवशी कुणी बचावाचे पवित्रे शिकवत नाही, आधी मातीत लोळवतात.

लंडनमध्ये पहिल्या आठ चाली समोर न बघता खेळता येतात, आणि मला भीती तिथंच आहे. लेकराला समोर न बघायची सवय लागली की ती मोडायला वर्ष जातं. मी स्वतः बारा वर्षं मुलांना शिकवतोय, हे डोळ्यानं पाहिलंय.

थांबलेला_हत्ती

गुरुजी, माझ्याकडे दोन पट पडून आहेत, पूर्ण सोंगट्यांसकट. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, या आठवड्यात पाठवतो. ओपनिंगवर जाणकार बोलतीलच.

नांदेड_रॅपिड

ई४_प्रेमी यांचा मुद्दा खोटा नाही. पण गुरुजींची अडचण वेगळी आहे. त्यांच्याकडे रोजचा एक तास आहे आणि अकरा लेकरं. सी५ म्हणजे सिसिलियन, ई६ फ्रेंच, सी६ कारो-कान, घोडा एफ६ अलेखाइन, सगळ्यांना एकेक उत्तर शिकवायचं म्हटलं तर शैक्षणिक वर्ष संपेल आणि एंडगेम राहूनच जाईल. मी लंडनच्या बाजूनं आहे. फक्त चालींची यादी देऊ नका, प्रत्येक चाल कशासाठी ते सांगा.

आधी उंट, मग ई३. लेकरं हा क्रम नेहमी उलटा करतात. ई३ आधी खेळलं की सी१ चा उंट आपल्याच प्यादांमागं कोंडला जातो. घराचं दार लावायच्या आधी माणूस अंगणात आला पाहिजे, असं सांगा, विसरणार नाहीत.

दुसरं, समोरचा उंट डी६ वर आणून आपल्या उंटाला भिडवतो. तिथं घाईनं मारायचं नाही, उंट जी३ वर घ्यायचा. त्यानं तिथं मारलं तर एच प्याद्यानं परत मारायचं. मग एच१ च्या हत्तीला सरळ रस्ता मिळतो, आणि काळ्यानं त्या बाजूला कॅसलिंग केलं असेल तर तो हत्ती त्याला सुखानं बसू देत नाही.

तिसरं, काळा घोडा एच५ वर येऊन उंट मागतो. समोरून जी६, उंट जी७ अशी मांडणी दिसली की एच३ खेळून ठेवायचं, म्हणजे उंटाला एच२ वर जागा राहते. त्या मांडणीत आपला दुसरा उंट डी३ पेक्षा ई२ वर बरा.

आणि चौथं म्हणजे ई५ चं घर. डी४ चं प्यादं आणि एफ४ चा उंट दोघं मिळून ते धरतात. घोडा तिथं जाऊन बसला, मागं एफ प्यादं लावलं, की लेकराला पुढची योजना आपोआप दिसते.

ही मांडणी नुसती नवशिक्यांची आहे असं कुणी म्हणालं तर २०२३ ची जगज्जेतेपदाची लढत दाखवा. सहाव्या डावात डिंग लिरेननं नेपोम्नियाचीविरुद्ध पांढऱ्याकडून लंडनच खेळलं आणि डाव जिंकला. कार्लसननंही ती कितीदा खेळली आहे.

तुरीचं_वरण

आमच्याकडं कुणी लंडनला निघालं की अख्खं गाव वेशीपर्यंत सोडायला येतं. गुरुजींची अकरा लेकरं वऱ्हांड्यात बसून आठ चालींत पोचणार, ते पण मराठवाडा एक्स्प्रेसची वाट न बघता!

पण खरंच विचारतो, हे नाव लंडन कामून पडलं?

नांदेड_रॅपिड

@तुरीचं_वरण, १९२२ साली लंडनला मोठी स्पर्धा झाली. कॅपाब्लांका, अलेखाइन असे सगळे बडे होते. त्या स्पर्धेत ही मांडणी बऱ्याच डावांत खेळली गेली, त्यावरून हे नाव.

अंबाजोगाईची_लेक

मी लंडन सात वर्षं खेळले, म्हणून लिहिते.

सहावीत होते तेव्हा तालुक्याला शिकवणारं कुणी नव्हतं. मोठ्या भावानं वहीच्या मागच्या पानावर सोंगट्यांचं चित्र काढून दिलं आणि म्हणाला, "आधी असं उभं राहायचं, मग भांडायचं." बस, तेवढ्यावर मी जिल्ह्यापर्यंत गेले. स्पर्धेच्या हॉलमध्ये मुली कमी असायच्या. समोरचा मुलगा आत्मविश्वासानं पटापट चाली टाकायचा. तेव्हा आपले पहिले आठ घाव ठरलेले आहेत, आपण पडणार नाही, एवढ्यानंच हात थरथरायचा थांबतो. गुरुजी, ही गोष्ट छोटी समजू नका.

आता दुसरी बाजू. आठवीत विभागीय स्पर्धेला एका मुलानं मला वजीर बी६ खेळून दाखवलं. उंट बाहेर गेला की बी२ चं प्यादं उघडं पडतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मी वजीर बी३ ला नेला. त्यानं सी४ ढकललं. मी वजीर सी२ वर मागं घेतला. मग त्यानं उंट एफ५ वर आणला, थेट माझ्या वजिरासमोर. मला वाटलं चुकला बिचारा. घेतला उंट. त्यानं शांतपणे वजिरानं बी२ मारलं आणि माझा ए१ चा हत्ती कोपऱ्यात अडकला. घोडा अजून बी१ वरच, हलायला जागा नाही. मला आजही त्या टेबलावरचा हिरवा कपडा आठवतो.

उत्तर सोपं होतं. उंट न घेता वजीर सी१ वर जायचं. बी२ सांभाळलं जातं, डाव चालू राहतो, पुढं ई४ ढकलायची तयारी करायची. एवढी एक जागा लेकरांना पटावर मांडून दाखवा, दोन्ही बाजूंनी खेळून घ्या. बाकी लंडन त्यांना सांभाळेल.

ई४_प्रेमी

@अंबाजोगाईची_लेक, तुमचा अनुभव वाचून माझं मत थोडं हललं. हात थरथरायचा थांबतो, हे मी कधी धरलंच नव्हतं. माझ्याकडं येणारी मुलं शहरातली, महिन्याला दोन स्पर्धा खेळणारी. गुरुजींची लेकरं वर्षाला दोन खेळत असतील.

तरी माझी एक अट आहे. लंडन शिकवलं तरी आठवड्यातला एक दिवस ई४ ई५ चाच ठेवा. आणि लंडनमधला हल्लाही शिकवा, नाहीतर लेकरू घर बांधून आतच बसून राहील. उंट डी३ वर, घोडा एफ३ वर, प्यादं ई५ वर पोचून एफ६ चा घोडा हुसकला गेलाय, काळ्याचं कॅसलिंग झालंय. अशी जागा आली की उंटानं एच७ मारायचं, राजानं घेतलं की घोडा जी५ शह, राजा जी८ ला गेला की वजीर एच५. दर वेळी चालतंच असं नाही, काळा राजा जी६ वर पुढं येतो तेव्हा मोजावं लागतं. पण हे एकदा जमलं की लेकराचा चेहरा बघा.

आजोबांचा_पट

थोडं विषयांतर करतो, पण आडवळणानं परत इथंच येईन.

आमचं गाव उदगीरकडचं. आजोबा पारावर देशी बुद्धिबळ खेळायचे. प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर. कॅसलिंग नाही, त्याऐवजी शह बसला नसेल तर राजाला एकदा घोड्याची चाल. प्यादं शेवटच्या घरात पोचलं की ज्या मोहऱ्याच्या घरात पोचलं तेच मोहरं होणार. आणि प्याद्यानं मात केली की ती प्यादेमात, तिचा मान सगळ्यात मोठा. आजोबा जिंकत आलेला डावसुद्धा प्यादेमातीसाठी लांबवायचे, बघणारे वैतागायचे, पण उठायचं कुणी नाही.

प्यादं एकेक घर चालतं म्हटल्यावर पहिल्या आठ-दहा चालींत भिडंत होतच नाही. दोघंही आपापली तटबंदी उभी करतात. कुणाची तटबंदी कशी, यावर आधीच पैजा लागायच्या. म्हणजे "आधी असं उभं राहायचं, मग भांडायचं" ही पद्धत आपल्या पारावर लंडनच्या आधीपासून होती.

मीर सुलतान खान पंजाबचा. तो याच देशी नियमांवर वाढला, पाश्चात्त्य नियम नंतर शिकला, आणि १९२९, १९३२, १९३३ अशी तीनदा ब्रिटिश अजिंक्यपद जिंकून आला. १९३०-३१ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत त्यानं कॅपाब्लांकाला पांढऱ्याकडून हरवलं. ओपनिंगच्या पुस्तकी ज्ञानात तो मागं होता, पण भक्कम उभं राहून मधल्या आणि शेवटच्या खेळात माणसं दमवायचा. फिडेनं, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेनं, त्याला मानद ग्रँडमास्टर किताब दिला तो २०२४ मध्ये, जाऊन कित्येक वर्षं झाल्यावर.

आणि "इंडियन डिफेन्स" हे नाव कुठून आलं? एकोणिसाव्या शतकात कलकत्त्याला महेशचंद्र बॅनर्जी हे गृहस्थ जॉन कॉक्रन या स्कॉटिश खेळाडूशी खेळायचे. घोडा एफ६, जी६, उंट जी७ अशी त्यांची मांडणी. त्यावरून ते नाव पडलं. गुरुजी, लेकरांना हे जरूर सांगा. जी७ च्या उंटासमोर बसताना ही आपल्याच मातीतली मांडणी आहे, हे त्यांना माहीत असू द्या.

तुरीचं_वरण

@आजोबांचा_पट, देशी नियमांचा वेगळा धागा काढा, हात जोडून विनंती. प्यादेमात हा शब्द कितीतरी वर्षांनी वाचला.

जालनेकर_बाप

मी पालक म्हणून लिहितो. माझ्या मुलीला कोल सिस्टिम शिकवली होती. एडगार कोल हा बेल्जियमचा खेळाडू, १८९७ ते १९३२, फार लवकर गेला. त्याच्या मांडणीत सी१ चा उंट आतच राहतो आणि सगळी तयारी ई४ ढकलण्यासाठी असते. झुकेरटोर्टच्या पद्धतीत बी३ खेळून तो उंट बी२ वर काढतात. मुलीला ई४ ची चाल फार आवडायची, कारण त्या एका चालीनं सगळा पट उघडतो. पण तोपर्यंत उंट निजलेला असायचा आणि काळ्यानं लवकर जी६ खेळलं की तिच्या डी३ च्या उंटाला काही काम उरायचं नाही. वर्षभरानं लंडनवर आलो.

खर्चाचंही सांगतो. शहरातल्या एका क्लासनं आमच्याकडून सहा महिन्यांचे पैसे आगाऊ घेतले आणि दोन महिन्यांत शिकवणारा बदलला. त्यानंतर लिचेसवर घरीच सुरू केलं. ती साइट पूर्ण मोफत आहे, जाहिराती नाहीत, आणि तिथं "स्टडी" करून आपल्या चाली आपल्या शब्दांत लिहून ठेवता येतात. शाळेत वीज जात असेल तर त्याचे पट छापून भिंतीला लावा.

नांदेड_रॅपिड

एक सूचना राहिली, आणि ती मोबाइलवर खेळणाऱ्या प्रत्येक लेकराला लागू आहे. डी४ ला काळ्यानं ई५ खेळलं तर? घ्यायचं. मग घोडा सी६, आपण घोडा एफ३, तो वजीर ई७. आता हात सवयीनं उंट एफ४ वर जातो. वजीर बी४ शह, उंट डी२ मधे, वजिरानं बी२ घेतलं. इथं उंट सी३ खेळून वजीर पकडू असं वाटतं, आणि डाव तिथंच संपतो. तो उंट बी४ वर आणतो, आपण वजीर डी२, तो सी३ वर मारतो, आपण वजिरानं परत मारलं की वजीर सी१ मात! कॅसलिंग न झालेला राजा आपल्याच सोंगट्यांत गुदमरतो.

उंट सी३ च्या जागी घोडा सी३ खेळायचं, मग पांढऱ्याचाच डाव चांगला. ई४_प्रेमींना ज्या "समोर न बघण्याची" भीती आहे ती या एका सापळ्यात पूर्ण दिसते. लेकरांना हा सापळा आधी बसू द्या, मग समजावा.

ई४_प्रेमी

@नांदेड_रॅपिड, +१. हे मी माझ्या वर्गातही वापरतो.

सेलूकर_गुरुजी

सगळ्यांचे मनापासून आभार. थांबलेला_हत्ती यांचे पट पोचले, आणि सोबत एक घड्याळही निघालं. लेकरांनी ते घड्याळ आळीपाळीनं घरी नेऊन आईवडिलांना दाखवलं.

ठरलं असं. पाच दिवस लंडन, शनिवारी ई४ ई५. पाठ चाली कमी, जागा जास्त. फळ्यावर चार चित्रं काढलीत: उंट आधी, जी३ वरची अदलाबदल, वजीर बी६ चा हल्ला, आणि नांदेडकरांचा ई५ चा सापळा. ई४_प्रेमींच्या काळजीसाठी एक नियम केलाय. आपली चाल हलवायच्या आधी समोरच्याची चाल मोठ्यानं सांगायची. "त्यानं घोडा एच५. उंटावर आलाय." मग हात लावायचा. वऱ्हांड्यात सध्या इतका गलका असतो की शेजारच्या वर्गातल्या बाई येऊन बघून गेल्या. परवापासून त्या पण बसतात.

एक शंका. काळ्यानं सरळ उंट एफ५ काढून आपलीच नक्कल केली तर लेकरं गोंधळतात. काय सांगू?

अंबाजोगाईची_लेक

गुरुजी, तेव्हा सी३ च्या ऐवजी सी४ ढकलायला शिकवा. काळ्याचा उंट बाहेर गेलाय म्हणजे त्याचं बी७ उघडं आहे. वजीर बी३ आता आपण खेळायचं! माझ्यावर जे झालं तेच त्याच्यावर. मुलींना हे विशेष आवडतं, असा माझा अनुभव आहे.

थांबलेला_हत्ती

घड्याळाचं वाचून खूप बरं वाटलं. सेल अजून एक जोडी पाठवतो.

सेलूकर_गुरुजी

१७ सप्टेंबरला सकाळी झेंडावंदन करून तालुक्याला एक दिवसाच्या स्पर्धेला गेलो होतो. पाऊस होता, दोन लेकरांना पालकांनी शेतावर ठेवून घेतलं, नऊ आली. प्रत्येकाचे पाच डाव, पंधरा मिनिटांचे. पांढऱ्याकडून एकूण तेवीस डाव झाले. बारा जिंकले, चार बरोबरीत, सात हरले. दहाव्या चालीच्या आत बिघडलेला डाव एक.

पण सांगायचंय ते एका डावाचं. सहावीतली मुलगी, समोर नववीतला मुलगा. मी चार टेबलं सोडून उभा होतो. चाली अशा: डी४ डी५, उंट एफ४ घोडा एफ६, ई३ सी५, सी३ घोडा सी६, घोडा एफ३ वजीर बी६, वजीर बी३ सी४, वजीर सी२ उंट एफ५. तीच जागा, जशीच्या तशी. मुलानं उंट ठेवला आणि घड्याळ जोरात दाबलं. हिचा हात वजिराकडं गेला, बोटं वजिराच्या डोक्याच्या वर दोन इंचांवर थांबली. मग तिनं हात मागं घेतला, दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले आणि ओठ हलवले. स्पर्धेत मोठ्यानं बोलता येत नाही ना, म्हणून मनातल्या मनात समोरच्याची चाल सांगत होती. तीन मिनिटं गेली. मग वजीर सी१.

त्या मुलानं पहिल्यांदाच मान वर करून तिच्याकडं बघितलं.

पुढं तिनं घोडा डी२ वर काढला, एच३ खेळली, कॅसलिंग केलं, ई४ ढकललं. एकोणचाळिसाव्या चालीला बरोबरी झाली. वेळ दोघांचाही संपत आला होता. माझ्याकडं येऊन म्हणाली, "सर, त्याला आपला सापळा माहीत होता, पण मला पण माहीत होता."

अंबाजोगाईची_लेक

गुरुजी, मी हे ऑफिसात वाचलं आणि उठून खिडकीपाशी गेले. तिला माझ्याकडून सांगा, वजीर सी१ ही चाल मला सापडली नव्हती.

ई४_प्रेमी

गुरुजी, पूर्ण डाव टाका इथं. ई४ नंतर काय झालं ते बघायचंय, जिंकायला वाव होता असं वाटतंय. आणि शनिवारचा ई४ ई५ चालू ठेवा, तो मुद्दा मी सोडलेला नाही.

सेलूकर_गुरुजी

चालू आहे शनिवार. डावाचा कागद पावसात भिजलाय, शाई फुटलीये. तिच्याकडूनच परत लिहून घेतो आणि उद्या टाकतो.

आता सगळी मिळून एकच विचारतायत: समोरच्यानं आपल्यावरच लंडन खेळलं तर काळ्याकडून काय करायचं? नवीन धागा काढू की इथंच?

नांदेड_रॅपिड

इथंच विचारा. सी५ आणि वजीर बी६ पासून सुरुवात करू. लेकरांना अर्धं आधीच येतंय.